कोण सॅम? रामबागेतल्या नानांची गोष्ट आणि डिसेंबरचा घोळ

प्रश्न इंदूरच्या रामबागेतून आलाय. नातू लिहितो: नाना एक्क्याऐंशी वर्षांचे, सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागातून, हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले. दर दिवाळीला फराळ झाला की ते एकच गोष्ट सांगतात. डिसेंबर महिना, लढाईचे दिवस, पूर्वेकडे कुठेतरी टेलिफोन एक्सचेंजवर नानांची रात्रपाळी. शटर पडलं, म्हणजे फोन आला, पलीकडून कुणीतरी इंग्रजीत घाईघाईने लाइन मागितली. नानांनी नाव विचारलं. उत्तर आलं, ‘सॅम’. नानांना ऐकू आलं ‘शाम’. आता शाम म्हणजे मिसामारीच्या एक्सचेंजवरचा त्यांचा दोस्त, आवाज बदलून थट्टा करण्यात पटाईत. नाना चक्क मराठीत म्हणाले, ‘शाम्या, गप झोप, साहेब लोकांची लाइन आहे,’ आणि कॉर्ड उपटली. पलीकडे होते सॅम माणेकशॉ!

घरच्यांची अडचण अशी की शेवट दरवर्षी बदलतो. कधी सॅमसाहेब स्वतः येऊन पाठ थोपटतात, कधी दहा दिवसांची रजा देतात, यंदा तर सिगारेटचं पाकीटही निघालं. मामा म्हणतात, शुद्ध थापा. त्यात नाना मध्येच सांगतात की त्या गावात बँकेने नोटा जाळल्या होत्या आणि तळ्यात टाकलेली नाणी काढायला पोरं बुड्या मारत होती. त्यावर तर सगळे हसतातच. नातवाला सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमासाठी हे लिहून काढायचंय. विचारतोय, १९७१ मध्ये असं घडणं शक्य होतं का, आणि लिहायचं तर कसं?

१९७१ मध्ये शक्य नव्हतं. तरी गोष्ट खरी असावी असं मला वाटतं. लढाई चुकलीय, आणि ती नानांनी नाही, ऐकणाऱ्यांनी चुकवलीय.

मी सिग्नल्समध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, सुभेदार मेजर होऊन बाहेर पडलो. आता महू-इंदूरच्या म्हाताऱ्या फौजींची पेन्शनची, औषधांची कागदपत्रं लावून देतो. कागद लावता लावता गोष्टी ऐकाव्या लागतात, तोच या कामाचा पगार. पाच वह्या भरल्यात. त्यात जनरल भेटल्याच्या गोष्टी इतक्या आहेत की वाटावं, आपल्या जनरलांना लढाया सोडून शिपायांकडे चहा मागत फिरण्याखेरीज दुसरा उद्योगच नव्हता. तेव्हा माझा कान जरा तयार झालाय, एवढंच.

आधी एक्सचेंज समजून घ्या, कारण तुमच्या मामांनी ते पाहिलेलं नाही. लहान ट्रंकेएवढी पेटी. पुढे दहा-वीस छोटी झाकणं, त्यांना आम्ही शटर म्हणतो. तिकडे कुणी फोनचं हँडल फिरवलं की तारेतून करंट येतो आणि त्या लाइनचं शटर ‘टक्’ करून पडतं. ऑपरेटर कॉर्ड खुपसतो, ‘एक्सचेंज’ म्हणतो, कोण पाहिजे विचारतो, दुसरी कॉर्ड त्या लाइनला लावून स्वतःचं हँडल फिरवतो. बोलणं संपलं की कॉर्ड काढायची, शटर बोटाने वर ढकलायचं. रात्री डोळा लागू नये म्हणून बझर लावून ठेवायचा. हिवाळ्यात ती पितळी टोकं इतकी गार पडतात की बोटं बधिर होतात. मी फुंकर मारून मारून कॉर्डी लावल्यात.

आणि आवाज? टेलिफोनची तार माणसाचा सगळा आवाज नेत नाही. साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’ या अक्षराची जी शिट्टी असते ती बरीचशी याच्या वर, चार हजारांच्या पुढे. ती कापली गेली की ‘स’चा कधी ‘फ’ ऐकू येतो, कधी ‘श’. त्यात तार जमिनीवरून ओलीतून गेलेली, सांध्यांवर चिकटपट्टी, वरून ट्रक जाऊन जाऊन साल निघालेली. अशा लाइनवर ‘सॅम’ आणि ‘शाम’ यांत फरक कळणारा कान मला आजवर भेटलेला नाही. म्हणून तर आम्ही नावं अक्षरं फोडफोडून सांगतो. शाम ऐकू आला ही नानांची विनोदबुद्धी नाही, ती तारेची करामत. मला ही गोष्ट पहिल्यांदा इथे पटली. थापा मारणारा माणूस एवढा बारीक, आणि तांत्रिकदृष्ट्या इतका बरोबर, घोळ सहसा रचत नाही.

दुसरं, नाव विचारणं. घरात तुम्ही त्याला विनोद समजता. फौजेत ती ड्यूटी आहे. कोण बोलतंय, कुणाला पाहिजे, कामाची निकड काय, हे कळल्याशिवाय ऑपरेटर एखाद्याची चालू लाइन तोडून दुसऱ्याला देणार कशी? आमच्या सिग्नल्सचं बोधवाक्य आहे ‘तीव्र चौकस’. हिंदीत चौकस म्हणजे सावध. पण मराठी पोराला त्याचा दुसराच अर्थ लागतो, खोदून खोदून विचारणारा. मी जबलपूरला ट्रेनिंगला होतो तेव्हा आमच्या उस्तादाला हा फरक सांगायला गेलो आणि ग्राउंडला दोन चकरा जास्तीच्या मारल्या. नाना मात्र दोन्ही अर्थांनी चौकस निघाले.

आता १९७१.

त्या डिसेंबरात माणेकशॉ लष्करप्रमुख होते, जून १९६९ पासून. दिल्लीत बसून ते बोलणार कुणाशी? कलकत्त्याला फोर्ट विल्यममध्ये बसलेल्या पूर्व कमांडच्या जगजितसिंग अरोरांशी, फार तर त्यांच्या चीफ ऑफ स्टाफशी, जेकबांशी. तो फोन मोठ्या ट्रंक एक्सचेंजांवरून जाणार, तिथे एकेका कॉलवर जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार-सुभेदार दर्जाचा माणूस, उभा. आघाडीवरच्या दहा शटरांच्या पेटीवर, रात्री, मधल्या कुणालाही न कळता लष्करप्रमुख थेट उगवणं म्हणजे राष्ट्रपतींनी तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला इंटरकॉमवर फोन करण्यासारखं आहे. त्या दिवसांत पूर्वेला जवानांना खरोखर दिसणारे जनरल वेगळे होते. चौथ्या कोअरचे (कोअर म्हणजे काही डिव्हिजनांची मिळून बनलेली मोठी तुकडी) कमांडर सगतसिंग हेलिकॉप्टर घेऊन इतके पुढे जायचे की एकदा त्यात गोळ्या घुसून पायलट जखमी झाला. नागरा मेजर जनरल, ते तर १६ डिसेंबरला ढाक्याच्या वेशीवर, मीरपूरच्या पुलापाशी उभे होते. आणि तिथून आत शिरलेली पहिली पलटण होती दुसरी पॅरा, म्हणजे मूळची आपली मराठ्यांचीच तिसरी बटालियन. शरणागतीच्या कागदावर सही घेतली तीही अरोरांनी. सॅमसाहेब तेव्हा ढाक्यात नव्हतेच.

पण मला खरं थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. डिसेंबर १९७१ मध्ये ‘कोण सॅम?’ असं विचारणारा सिग्नलमन संपूर्ण फौजेत मिळाला नसता. पेपरात फोटो, रेडिओवर आवाज, लंगरात, म्हणजे फौजी भटारखान्यात, नक्कल. गोरख्यांनी तर त्यांचं ‘सॅम बहादूर’ करून टाकलं होतं. ‘सॅम’ ऐकल्याबरोबर त्या दिवशीचा ऑपरेटर खुर्चीवरून उठून सावधानमध्ये उभा राहिला असता, फोनवर कुणाला दिसत नसलं तरी. नानांना शाम आठवला याचा अर्थ एकच. तेव्हा हे नाव त्यांच्या कानावरून गेलेलं नव्हतं.

मग असा डिसेंबर कुठला, की पूर्वेला लढाईचं वातावरण आहे, माणेकशॉ तिथे स्वतः हजर आहेत, आणि शिपायांना त्यांचं नाव माहीत नाही?

१९६२ चा. आणि गाव तेजपूर.

हे मला तुमच्या नानांनीच सांगितलं, तुम्ही हसलात त्या वाक्यात. नोव्हेंबर १९६२ मध्ये बोमडिला पडलं आणि चिनी आता आसामच्या मैदानात उतरणार असं धरून तेजपूर रिकामं होऊ लागलं. सरकारी कारभार निघून गेला. बँकेने खरोखर नोटांच्या गड्ड्या जाळल्या. नाणी जळत नाहीत, म्हणून ती तळ्यात लोटली, आणि मग लोक ती काढायला पाण्यात उतरले. वेड्यांच्या इस्पितळाचे दरवाजेसुद्धा उघडले होते. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली, पण ती टिकते की नाही हे कुणाला ठाऊक? चौथ्या कोअरचं मुख्यालय गुवाहाटीपर्यंत मागे गेलेलं, माणसं खचलेली, कोअरचे कमांडर बी. एम. कौल पायउतार झालेले. त्यांच्या जागी डिसेंबरच्या सुरुवातीला जे आले ते माणेकशॉ. तेव्हा नुकतेच लेफ्टनंट जनरल झालेले. त्याआधी त्यांच्यावर चौकशी चाललेली होती, त्यातून सुटून आलेले. येताच त्यांनी दिलेला हुकूम फौजेत आजही सांगतात: लेखी आदेशाशिवाय माघार नाही, आणि असा लेखी आदेश निघणार नाही.

आता हिशेब मांडा. नाना आज एक्क्याऐंशी, म्हणजे तेव्हा अठरा-एकोणीस. ट्रेनिंगमधून ताजे बाहेर पडलेले. कोअर कमांडरचा फोन कोअरच्याच एक्सचेंजवर येतो, तो रोजचा मामला. नवीन साहेब येऊन आठवडा झाला नसेल, नाव पाठ नाही. मिसामारी तेजपूरच्या जवळच, तिथून शाम थट्टा करतोय हेही जमतं. सगळं आपापल्या जागी बसतं. नाना ‘डिसेंबर’ म्हणतात, ‘पूर्वेला’ म्हणतात, आणि तुम्ही सगळे मनातल्या मनात १९७१ चा शिक्का मारता. स्वाभाविक आहे म्हणा. १९७१ जिंकलेलं, त्याचे फोटो भिंतीवर. १९६२ चं नाव कुणी दिवाळीच्या फराळावर काढत नाही. मला वाटतं नानांनीही हा घोळ मुद्दाम सुधारला नसेल. हरलेल्या लढाईतला विनोद सांगायचा तर आधी हरणं सांगावं लागतं, आणि समोर चिवडा खाणारी पोरं बसलेली.

नोटांची गोष्ट तुम्हाला थाप वाटली, आणि ती एकच गोष्ट कुठल्याही जुन्या माणसाला विचारून पडताळता येते. माझ्या वह्यांत हे वारंवार दिसलंय. सांगणारा जिथे रंग भरतो तो भाग सगळ्यांना पटतो. पाठ थोपटणं, रजा, ‘शाब्बास बेटा’. आणि जे त्याने खरोखर डोळ्यांनी पाहिलं ते इतकं विचित्र असतं की घरचे म्हणतात, पुरे आता.

रजेचं तर मी सरळ खोडून टाकतो. तशा दिवसांत रजा सगळ्यात आधी बंद होतात. सिगारेटचं पाकीट यंदाच आलंय, पुढच्या दिवाळीला त्याची पेटी होईल.

गोष्टी सॅमसाहेबांकडे का ओढल्या जातात हे मला माझ्याच अंगावर कळलं, म्हणून थोडं विषयांतर करतो.

१९९९ चा जून, कारगिल. द्रासच्या अलीकडे दगडांच्या आडोशाला आमचं एक्सचेंज. वर पत्रा, पत्र्यावर वाळूची पोती. आत दोन माणसं नीट बसली तर तिसऱ्याने वाकून उभं राहायचं. सामान म्हणाल तर पेटी, एक स्टोव्ह आणि एनॅमलचा एक पांढरा मग, निळ्या काठाचा, तळाला टवका उडालेला. मग एकच. त्याच मगात सकाळी दाढीचं पाणी, त्यातच दुपारी चहा, रात्री त्यातच दात. त्या दिवशी मी दाढी उरकली, मग नुसता हिसडून ठेवला, कारण नाल्याचं पाणी आणायला जायचं म्हणजे उघड्यावरून जायचं. एवढ्यात वर तोफा सुरू झाल्या आणि दारातून वाकून एक साहेब आत आले. लेफ्टनंट जनरल. नाव लिहीत नाही. दौऱ्यावर होते, गोळे पडायला लागले तसे जवळच्या आडोशात शिरले, तो आडोसा नेमका आमचा.

आता साहेब आलेत, तर चहा. किटलीत होता, मगात ओतला, दिला. दोन घोट घेतल्यावर त्यांनी मिशा पुसल्या. मिशांना पांढरा फेस. मगात पाहिलं. वास घेतला. मला विचारलं, हा फेस कसला? माझ्या तोंडून निघालं, ‘साब, दूध पावडर का झाग है।’ ते माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या ताज्या दाढीकडे बघितलं, आणि उरलेला चहा शेवटपर्यंत प्यायले. गोळे थांबल्यावर निघून गेले. पाठ कुणी थोपटली नाही. दोन दिवसांनी खालून आलेल्या खेचराच्या पाठीवर आमच्या नावाने चार नवे मग आले, कुणी पाठवले ते चिठ्ठीवर नव्हतं.

ही गोष्ट मी दोन-तीन बड्या खान्यांत, म्हणजे सगळ्या युनिटच्या एकत्र जेवणांत, सांगितली असेल. दहा-बारा वर्षांनी महूला कॅन्टीनच्या रांगेत उभा होतो. पुढचा एक पेन्शनर शेजाऱ्याला सांगत होता: एकाहत्तर साल, आगरताळा, बंकरमध्ये सॅमसाहेब आले, आमच्या गाववाल्याने दाढीच्या मगात चहा दिला, आणि म्हणाला, साब, दूध पावडर का झाग है! शब्दन् शब्द माझा. मी म्हटलं, भिया, हे कारगिलचं आहे, सॅमसाहेब तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे, कुन्नूरला घरी होते. तो चिडला. ‘तुम वहाँ थे क्या?’ मी म्हटलं, हो, तो दाढीचा मग माझाच होता. रांगेतले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की थापा मी मारतोय. तेल आणि साबण घेतला आणि गपचूप घरी आलो.

इंदूरकडे याला आणखी एक कारण आहे. १९५५ च्या सुमाराला माणेकशॉ महूच्या इन्फन्ट्री स्कूलचे कमांडंट होते. इथून पंचवीस किलोमीटरवर. त्यामुळे आपल्याकडे शिंप्यापासून बेकरीवाल्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या आजोबांनी त्यांना पाहिलेलं असतंच, आणि त्यातलं बरंचसं खरंही असतं. ते शांततेच्या काळातलं पाहणं मग कुठल्यातरी लढाईत जाऊन बसतं. तुमच्या नानांच्या बाबतीत ही शंका मी घेतली होती, पण १९५५ मध्ये ते अकरा-बारा वर्षांचे, शाळेत. ते सुटले.

आणि माणूसच तसा होता, हेही आहे. फेब्रुवारी १९४२, ब्रह्मदेश, सितांग नदीवरची लढाई. कॅप्टन माणेकशॉंच्या पोटात मशिनगनच्या गोळ्या घुसल्या. किती? कुणी सात म्हणतं, कुणी नऊ. सांगणाऱ्यागणिक आकडा बदलतो, बघा, नानांचं एकट्याचं असं नाही. हा जगत नाही असं धरून डिव्हिजनच्या कोवान नावाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्याच छातीवरची मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाची फीत काढून त्यांना लावली, कारण तो क्रॉस मेलेल्याला देत नाहीत. शेरसिंग नावाच्या त्यांच्या शिपायाने त्यांना उचलून डॉक्टरपर्यंत नेलं. ऑस्ट्रेलियन सर्जनने विचारलं, काय झालं? उत्तर मिळालं, खेचराने लाथ मारली. सर्जन म्हणाला असेल, ज्याला या अवस्थेत थट्टा सुचते तो वाचवण्यासारखा आहे, आणि त्याने चाकू उचलला. आतडी कापली, माणूस जगला, पुढे फील्ड मार्शल झाला.

मी ही गोष्ट ऐकतो तेव्हा मला शेरसिंग दिसतो. त्याने काय सांगितलं असेल घरी? त्याच्या नातवंडांनी विश्वास ठेवला असेल का?

असो. तुमच्या कामाचं सांगतो.

नानांची ट्रंक उघडा. तळाशी डिस्चार्ज बुक असेल, त्यात कुठल्या साली कुठे होते ते मिळेल. मेडलांच्या पट्ट्या बघा. सैन्य सेवा मेडलवर ‘नेफा’ची, म्हणजे आजच्या अरुणाचलाची, पट्टी असली तर माझ्या म्हणण्याला बळ येतं. ‘पूर्वी स्टार’ हे १९७१ च्या पूर्वेकडच्या लढाईचं मेडल असेल तर १९७१ मध्येही ते पूर्वेलाच होते, आणि दोन डिसेंबर एकमेकांत कसे मिसळले याचा उलगडा तिथेच होतो. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज लिहून घ्या. सिग्नल्सचं रेकॉर्ड जबलपूरला आहे. अर्जावर आर्मी नंबर लागतो. तो नाना झोपेतसुद्धा सांगतील, विचारून बघा. स्वतःच्या मुलांचे वाढदिवस विसरलेली माणसं तो नंबर विसरत नाहीत.

मग एखाद्या रविवारी सकाळी पोहे-जिलबी घेऊन एकटे जाऊन बसा. दिवाळीला विचारू नका. दहा माणसं बसली की नाना सांगत नाहीत, सादर करतात. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा, हातात धरून नाकासमोर नको. आणि ‘नाना, ती सॅमची गोष्ट सांगा’ असं चुकूनही म्हणू नका, टेप लागेल. उलटीकडून या. एक्सचेंज कुठे होतं, तंबूत की पक्क्या घरात? पेटी जमिनीवर की टेबलावर? रात्री कोणाबरोबर पाळी? थंडीला काय घातलं होतं? तेजपूर हे नाव तुम्ही घेऊ नका, त्यांच्या तोंडून येऊ द्या.

मग हा एक प्रश्न विचारा, तो मी कुठल्याही ऑपरेटरला विचारतो: शटर कुठलं पडलं? कारण कमांडरच्या लाइनवर चिठ्ठी असते, ती बघून ऑपरेटरला कळायलाच हवं होतं की फोन मोठ्या साहेबांचा आहे. नानांच्या गोष्टीतली एवढी एकच गाठ मला सुटलेली नाही. मुख्यालय गुवाहाटीहून परत येत होतं, लाइनी नव्याने लावल्या जात होत्या, तेव्हा चिठ्ठ्याच लागल्या नसतील, किंवा साहेब पुढे दौऱ्यावर असताना तिकडच्या कुठल्या फोनवरून बोलले असतील. ‘चिठ्ठीच नव्हती रे’ किंवा ‘ते मिसामारीचंच शटर होतं’ असं नाना क्षणात म्हणाले, तर माझ्यापुरतं प्रकरण संपलं. ते विचारात पडले तरी हरकत नाही, साठ वर्षं झाली. पण घाईघाईने काहीतरी सजवून सांगायला लागले तर तो भाग लिहू नका.

नंतर साहेबांना प्रत्यक्ष पाहिलं का, हेही विचारा. पाहिलं म्हणाले तर खांद्यावर काय होतं? लेफ्टनंट जनरलच्या खांद्यावर सिंहमुद्रा आणि खाली तलवार-बॅटनची फुली, मधे तारा नसतो. तारा जनरलला. म्हातारे फौजी चेहरा विसरतात, खांदा विसरत नाहीत.

आणि हळूच, जिलबी संपत आल्यावर, विचारा: शिक्षा काय झाली? कारण कोअर कमांडरची लाइन तोडल्यावर सकाळी कुणीतरी नानांना उभं केलंच असणार. सॅमसाहेबांनी नसेल, ते हसून विसरले असतील, पण नानांचा हवालदार विसरणारा नव्हता. आठवडाभर लंगरची भांडी, नाहीतर लाइन पार्टीबरोबर चिखलातून केबल गुंडाळत फिरणं. नातवंडांसमोर हे कुणी सांगत नाही, म्हणून त्या जागी पाठ थोपटणं येतं. मला विचाराल तर ती भांडी मिळाली तर गोष्ट दुप्पट चांगली होईल.

लिहिताना नानांचं वाक्य आहे तसं ठेवा, ‘शाम्या, गप झोप’सकट. सॅमसाहेबांच्या तोंडी मात्र ‘सॅम’ या एका शब्दापलीकडे काही घालू नका. बाकी जे काही ते बोलले असं नाना सांगतात, ते ‘नाना सांगतात’ म्हणूनच लिहा. साल १९७१ चं १९६२ करा, पण नानांना विचारून. कार्यक्रमात मामांसमोर त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. नोटा जाळल्याचं मात्र ठळक लिहा, आणि ते मामांनाच वाचायला लावा.

एक राहिलं. शाम कोण होता, कुठल्या गावचा, एखादा ग्रुप फोटो आहे का, ते काढा. तो खरोखरचा माणूस निघाला की सगळी गोष्ट भक्कम उभी राहते. आणि त्या रात्री नानांनी कॉर्ड उपटल्यावर थोड्या वेळाने खऱ्या शाम्याचाही फोन आला होता का, हे माझ्यातर्फे विचारा. आला असेल, तर त्याला नाना काय म्हणाले ते मला कळवा.